कुत्र्याच्या केसांना लागलेला घराचा रंग सुरक्षितपणे कसा काढावा

घराला रंग देण्याचे काम चालू असताना कुत्र्याच्या अंगाला रंग लागला, की घरातल्या माणसाचा हात आपसूक ब्रश धुण्यासाठी ठेवलेल्या थिनरच्या बाटलीकडे जातो. तो हात तिथेच थांबावा, यासाठी हा लेख लिहिला आहे. केसांना लागलेला रंग दिसायला भयंकर दिसतो. परंतु त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि त्याच्या टोकाला रंगाचा एखादा ठिपका वाळून राहिला, तर सहसा फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर कुत्रा ओला रंग चाटून पोटात घेतो, किंवा आपण घाईघाईने त्याच्या अंगावर असे काहीतरी चोळतो, जे मुळात लोखंडी दारासाठी किंवा ब्रशासाठी बनवलेले असते. पुढच्या सगळ्या कृतींचा क्रम या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लावलेला आहे, म्हणून तो शक्यतो बदलू नये.

आधी जीभ आवरावी

रंग लागल्याचे लक्षात आले की पहिले काम रंग काढण्याचे नसून कुत्र्याला तो चाटू न देण्याचे आहे. कुत्र्याच्या अंगाला काही चिकटले की ते चाटून काढणे हा त्याचा स्वभावच असतो, आणि आपण पाणी, फडके, साबण शोधत घरभर फिरत असतो त्या चार-पाच मिनिटांत तो निम्मा पंजा स्वच्छ करून मोकळा झालेला असतो. म्हणून त्याला हाकेने जवळ बोलवावे, पट्टा लावावा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याच्याजवळ बसवावे. ओरडू नये आणि मागे धावू नये. घाबरलेला कुत्रा पलंगाखाली किंवा सोफ्याच्या मागे शिरतो आणि तिथे बसून शांतपणे स्वतःला चाटत राहतो. शिवाय पळताना अंगाचा रंग भिंतीला, भिंतीचा पुन्हा अंगाला, असा तो दुप्पट जागी पसरतो.

शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्य गळ्यात घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर घरात असेल, तर ती लगेच घालावी. नसेल तर रंग पाठीवर किंवा छातीवर असल्यास एखादा जुना टी-शर्ट अंगात घालता येतो, आणि पंजाला असल्यास त्यावर सैलसर सुती मोजा चढवून एक माणूस शेजारी बसून राहू शकतो. तोंड मात्र घट्ट बांधू नये. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि त्यातच त्याला उलटी झाली तर बंद तोंडात ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. गळपट्ट्याला रंग लागला असेल तर तो काढून दुसरा घालावा, कारण गळपट्ट्याखाली अडकलेला ओला रंग त्वचेला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहतो आणि नेमका तोच कोणाला दिसत नाही.

यानंतर कुत्र्याला रंगाच्या वासाच्या खोलीतून मोकळ्या हवेत आणावे. ओला रंग जाड कागदाने किंवा जुन्या सुती फडक्याने टिपून घ्यावा. येथे टिपणे आणि पुसणे यांतला फरक महत्त्वाचा आहे. आडवा हात मारून पुसले, तर वरच्या केसांवर असलेला रंग खालच्या मऊ लवेत ढकलला जातो आणि तिथून त्वचेपर्यंत पोहोचतो. म्हणून कागद वरून दाबावा, उचलावा, कागदाची कोरी बाजू पुढे घ्यावी आणि पुन्हा दाबावा. कागदावर रंग उमटणे थांबेपर्यंत हेच करीत राहावे. नुसत्या एवढ्यानेच पुष्कळ रंग निघून येतो.

डबा वाचावा

आता रंगाचा डबा हातात घ्यावा. घरासाठी वापरले जाणारे रंग ढोबळमानाने दोन जातींचे असतात, आणि कुत्र्याच्या अंगावरून ते काढण्याच्या पद्धती अगदी वेगळ्या आहेत. ब्रश पाण्याने धुवावा असे डब्यावर लिहिलेले असेल, तर तो पाण्यात मिसळणारा रंग होय. भिंतीला लावायचे इमल्शन, डिस्टेंपर आणि बहुतेक ॲक्रिलिक रंग या जातीचे. ब्रश धुण्यासाठी थिनर किंवा टर्पेंटाइन वापरावे असे लिहिलेले असेल, तर तो ऑइल पेंट समजावा. दारे, खिडक्या आणि लोखंडी जाळ्या यांना लावायचे इनॅमल, बरीच व्हार्निशे आणि गंज रोखणारे प्रायमर या जातीत मोडतात. डब्यावरचे अक्षर रंगाने झाकले गेले असेल, तर वासावरूनही अंदाज येतो: इमल्शनचा वास सौम्य असतो, तर ऑइल पेंटचा उग्र वास नाकात आणि डोक्यात बसतो. तरीही खात्री होत नसेल तर रंगाचा एक थेंब पाण्यात ढवळून पाहावा. पाणी दुधासारखे गढूळ झाले तर रंग पाण्याचा, आणि थेंब वेगळा राहून तवंग धरू लागला तर तो ऑइल पेंट.

डब्याच्या सर्व बाजूंचे फोटो काढून ठेवावेत आणि काम संपेपर्यंत डबा फेकू नये. पशुवैद्याला फोन करावा लागला, तर पहिला प्रश्न रंग कोणता हाच असेल, आणि 'पांढरा' हे त्याचे उत्तर नव्हे.

घरी काही करू नये अशा वेळा

काही प्रसंगी घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. दोन डब्यांतले द्रव एकत्र करून लावायचा इपॉक्सी किंवा तशाच प्रकारचा रंग अंगावर पडला असेल, ऑइल पेंट अंगाच्या मोठ्या भागावर सांडला असेल, रंगाखालची त्वचा लाल झाली असेल किंवा तिच्यावर फोड दिसत असतील, पिल्लू अगदी लहान असेल, किंवा कुत्र्याने डब्यातूनच रंग प्यायला असेल, तर थेट पशुवैद्याकडे न्यावे. एक-दोनदा जीभ लागून पोटात गेलेले इमल्शन बहुधा लाळ गळणे, एखादी उलटी किंवा पातळ शी यांपलीकडे त्रास देत नाही. पण रंग भरपूर प्यायला गेला तर गोष्ट निराळी असते. रंग गोठू नये म्हणून काही रंगांत ग्लायकॉल मिसळलेले असते, आणि त्यांपैकी एथिलीन ग्लायकॉल हे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. त्यावरचे उपचार पहिल्या काही तासांतच सुरू व्हावे लागतात. म्हणून कुत्रा वरवर ठीक दिसतो आहे या भरवशावर वाट पाहू नये.

जुन्या घरात भिंती किंवा दारे खरवडण्याचे काम चालू असेल, तर आणखी एक सावधगिरी बाळगावी. जुन्या रंगांत शिसे असू शकते, आणि त्याची पापुद्र्यांसारखी धूळ केसांत बसून चाटण्यावाटे पोटात जाते. अशा वेळी अंग लगेच धुवावे आणि पशुवैद्याला तसे स्पष्ट सांगावे.

कुत्र्याने कोणताही रंग गिळला असला, तरी पशुवैद्याने सांगितल्याशिवाय त्याला उलटी करायला लावू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची जुनी सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण जास्त मीठ हे स्वतःच कुत्र्याला घातक आहे. ऑइल पेंट आणि थिनर यांत पेट्रोलियमपासून काढलेली पातळ द्रव्ये असतात. ती पोटात असताना जेवढा अपाय करतात, त्याहून मोठा अपाय उलटीबरोबर वर येऊन फुप्फुसांत शिरल्यावर करतात, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. कुत्रा खोकू लागला, धापा टाकू लागला, झोकांड्या खाऊ लागला, थरथरू लागला किंवा सुस्त होऊन पडला, तर रंग अंगावर तसाच ठेवून निघावे.

डोळ्यात रंग गेला असल्यास कोमट, स्वच्छ पाण्याची किंवा सलाइनची बारीक धार नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, निदान 15 मिनिटे सोडत राहावे. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ वाटतो आणि कुत्रा तेवढा वेळ शांत राहत नाही, हे खरे. मध्ये थांबून, त्याला चुचकारून, पुन्हा सुरू करावे. डोळ्यात साबण किंवा तेल घालू नये. धुऊन झाल्यावर डोळा बरा दिसला तरी पशुवैद्याला दाखवावा.

चुन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. भिंतीला द्यायचा चुना आणि सिमेंटचे रंग तीव्र अल्कधर्मी असतात आणि ओल्या त्वचेला भाजतात. कोरडी पूड अंगावर पडली असेल, तर आधी ती ब्रशने हलकेच झटकून काढावी आणि मगच भरपूर वाहत्या पाण्याने अंग धुवावे. कालवलेला चुना पडला असेल तर लगेच धुवायला लागावे. पंजाच्या गाद्यांमध्ये तो बसून राहतो, तिकडे विशेष लक्ष द्यावे.

काय वापरू नये आणि का

थिनर, टर्पेंटाइन, रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेंट रिमूव्हर यांपैकी काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नये. एका थेंबाने काय होते, असे म्हणून तर मुळीच लावू नये. माणसाच्या बाह्यत्वचेत पेशींचे साधारण 10 ते 15 थर असतात. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत ते 3 ते 5 एवढेच असतात. त्याचे संरक्षण मुख्यतः केसांकडून होते, त्वचेकडून नव्हे. आपल्या हाताला लागलेले थिनर आपण क्षणात धुऊन टाकतो. कुत्र्याच्या दाट केसांत मात्र ते स्पंजात धरल्यासारखे राहते, त्वचेवरचे नैसर्गिक तेल विरघळवते, भाजल्यासारखी जखम करते, त्वचेतून शरीरात शिरते, आणि त्याची वाफ नाकाजवळच कोंडून राहते. उरलेसुरले कुत्रा चाटतो. काही पेंट रिमूव्हरांमध्ये डायक्लोरोमिथेन असते, आणि ते शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. लोखंडावरचा रंग सोलून काढणारे द्रव्य जिवंत त्वचेला कसे मानवेल, एवढा विचार केला तरी हे पटावे.

'नैसर्गिक' म्हणून सुचवल्या जाणाऱ्या गोष्टींनीही फसू नये. टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी आहे. संत्र्याच्या सालीपासून काढलेली तेले त्वचेची आग करतात. व्हिनेगर आणि लिंबू यांनी रंग निघत नाहीच, पण चरे पडलेल्या त्वचेला झोंबते. शेंगदाण्याचे लोणी लावावे असा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो. त्यातल्या तेलाने रंग सैल होतो हे खरे असले, तरी बाजारातल्या काही लोण्यांत झायलिटॉल नावाचा गोडवा घातलेला असतो. तो कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतो आणि यकृतालाही इजा करू शकतो. शिवाय रंगावर आवडीचा खाऊ लावून कुत्र्याने तो चाटू नये अशी अपेक्षा ठेवणे हे कुत्र्यावर अन्याय करणारे आहे.

पाण्यात मिसळणारा रंग

हा रंग ओला असतानाच सापडला तर काम सोपे असते. इमल्शन वाळते तेव्हा त्यातले पाणी उडून जाते आणि पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकसारखे बारीक कण एकमेकांना जोडले जाऊन त्यांचा अखंड पापुद्रा बनतो. पापुद्रा बनण्यापूर्वी रंग पाण्याने वाहून जातो. बनल्यानंतर तो पाण्यात विरघळत नाही, केवळ फुगतो आणि मऊ पडतो. हा फरक पडायला तास-अर्धा तास पुरतो, म्हणून येथे दिरंगाई नको.

पाणी कोमट असावे. मनगटाच्या आतल्या बाजूवर धार धरली असता ती ना गार ना गरम वाटावी. गरम पाण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि रंगातली द्रव्ये शरीरात शिरण्यास मदत होते, तर गार पाण्याने कुत्रा कुडकुडतो आणि निसटू पाहतो. रंग लागलेल्या जागी वरून खाली, केसांच्या दिशेने पाणी सोडावे आणि बोटांनी केस विलग करीत राहावे. बादलीत किंवा टबात बसवून धुऊ नये, कारण सुटलेला रंग त्याच पाण्यातून बाकीच्या अंगाला लागतो. बहुतांश रंग गेल्यावर कुत्र्यांचा शाम्पू लावावा. तो नसेल तर भांडी घासायचा सौम्य द्रव साबण पाण्यात पातळ करून घ्यावा. फेस दोन-तीन मिनिटे केसांत राहू द्यावा, हलक्या हाताने चोळावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे. साबण राहून गेला तर नंतर अंगाला खाज सुटते.

रंग वाळून गेला असेल, तर घाई करण्याचे कारणच उरत नाही, ही त्यातली चांगली बाजू. कोमट पाण्यात भिजवलेले आणि थोडे पिळलेले फडके त्या जागी 10 ते 15 मिनिटे धरून ठेवावे, आणि ते गार पडेल तसे बदलावे. पापुद्रा मऊ झाला की तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून चुरावा. येथे हाताची जागा नीट समजून घ्यावी. एका हाताने केसांची ती बट मुळाजवळ, त्वचेला लागून घट्ट धरावी, आणि दुसऱ्या हाताने टोकाकडचा रंग मोडावा. मुळाशी बट धरलेली असली की ओढ आपल्या बोटांवर येते, कुत्र्याच्या त्वचेवर येत नाही. कुत्र्याच्या एकेका रंध्रातून अनेक केस एकत्र बाहेर येतात, आणि रंग त्यांना चिकटवून एकच दोर करून टाकतो. त्यामुळे तो ओढला की एकाच वेळी अनेक केस ओढले जातात. रंगाचे तुकडे झाल्यावर पिसवा काढायची बारीक फणी टोकापासून सुरू करून थोडी थोडी वर न्यावी. दाते अडकले तर जोर न करता तिथे थेंबभर साबण लावून पुन्हा बोटांनी चुरावे. दहा मिनिटांनंतर कुत्र्याला विश्रांती द्यावी.

ऑइल पेंट

ऑइल पेंटवर पाणी आणि साबण यांचा प्रारंभी काही उपयोग होत नाही, आणि पाण्याने भिजलेल्या केसांत नंतर तेलही नीट शिरत नाही. म्हणून या रंगाच्या बाबतीत अंग कोरडे असतानाच तेल लावावे आणि पाणी शेवटी घ्यावे. स्वयंपाकातले कोणतेही साधे खाद्यतेल चालते. पेट्रोलियम जेली पाठीवर आणि पायांवर अधिक सोयीची पडते, कारण ती ओघळत नाही. आपल्या हातांत पातळ मोजे घालावेत.

तेल भरपूर घ्यावे आणि रंगाच्या कडेपासून मध्याकडे जिरवावे. मध्यापासून कडेकडे गेल्यास डाग मोठा होतो. पाच ते दहा मिनिटे थांबून बट बोटांत घेऊन चोळावी, म्हणजे तेलात रंग सुटू लागतो आणि बोटांना चिकचिक जाणवण्याऐवजी बुळबुळीतपणा जाणवतो. तसा तो जाणवला की कागदाने टिपून घ्यावे, पुन्हा नवे तेल लावावे, पुन्हा टिपावे. कागदावर रंगाची छटा फिकट होत जाईल. ती जवळजवळ दिसेनाशी झाल्यावर भांड्यांचा पातळ केलेला साबण सरळ तेलकट केसांवरच लावावा, फेस येईपर्यंत थोडे थोडे पाणी मिसळत चोळावे आणि मग धुऊन काढावे. तेल काढायला साबणाचे दोन किंवा तीन हात लागतात. या साऱ्या काळात गळ्यातली कॉलर काढू नये. तेलात आता रंग आणि थोडे थिनर मिसळलेले असते, तेल कुत्र्याला चवदार लागते, आणि नुसते तेलही पोटात फार गेले तर जुलाब होतात.

पूर्ण वाळलेल्या ऑइल पेंटपुढे तेलाचे फारसे चालत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हा रंग आधी थिनर उडून आणि नंतर हवेतला प्राणवायू घेऊन कडक होतो, आणि एकदा कडक झाला की त्याला परत पातळ करणारे सुरक्षित असे काही घरात नसते. तेलाने त्याची केसांवरची पकड थोडी ढिली होते, एवढेच. आमच्या म्हाताऱ्या कुत्रीने एकदा नुकत्याच रंगवलेल्या दारावर शेपटी आपटून घेतली आणि ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले; शेपटीच्या झुपक्यातल्या चार बटा हिरव्या काड्यांसारख्या ताठ झाल्या होत्या आणि ती शेपूट हलवी तेव्हा त्या एकमेकींवर टकटक वाजत. मी तीन संध्याकाळी रोज वीस मिनिटे पेट्रोलियम जेली चोळत बसलो. दोन बटा सुटल्या आणि उरलेल्या दोन कापाव्या लागल्या. आज तीच वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी चारही कापीन, कारण तिसऱ्या दिवशी माझ्या हातात जेलीचा डबा दिसताच ती उठून दुसऱ्या खोलीत जाऊ लागली होती.

स्प्रे पेंट मिनिटांत वाळतो, म्हणून त्याचा विचार सरळ वाळलेल्या रंगाप्रमाणेच करावा. चेहऱ्यावर उडाला असेल तर मात्र डोळे आणि श्वास आधी तपासावेत.

केस कापताना

कापणे म्हणजे हरणे नव्हे. वाळलेल्या ऑइल पेंटसाठी तोच सर्वांत सुरक्षित उपाय आहे. मात्र कात्रीने कुत्र्याची त्वचा कापली जाण्याचा प्रकार फार सहज घडतो. त्याची कातडी सैल असते, रंगाची गाठ वर उचलली की कातडीही तंबूसारखी तिच्याबरोबर वर येते, आणि केसांच्या गर्दीत ती दिसत नाही. म्हणून आधी गाठीच्या खालून, त्वचेला समांतर, एक कंगवा सरकवावा आणि तो त्वचेवर टेकवून ठेवावा. कात्री कंगव्याच्या वरच्या बाजूनेच चालवावी. कंगवा सरकण्याइतकी जागा नसेल, तर तिथे कात्री लावायची नाही, असा नियम पाळावा. अशी गाठ केस कापायच्या मशीनने काढावी किंवा व्यवसाय म्हणून कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे अथवा पशुवैद्याकडे न्यावी. मशीनचे पाते काही मिनिटांत तापते, ते अधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे.

रंग दोन-चार ठिकाणी लागला म्हणून सगळे अंग भादरू नये. वर राठ केस आणि आत मऊ लव अशी दुहेरी केसाळी असलेल्या जातींत भादरलेले केस कधी कधी पूर्वीसारखे येत नाहीत, आणि मधल्या काळात त्वचेला ऊन सोसत नाही. डाग तेवढाच कापावा. आखूड केसांची जागा काही महिन्यांत भरून येते, लांब केसांना अधिक काळ लागतो.

पंजे, कान आणि मिशा

पंजा तपासल्याशिवाय काम संपले असे समजू नये. बोटे अलग करून गाद्यांच्या मधले केस पाहावेत. तिथे रंग गोळा होऊन खड्यासारखा टणक होतो, कुत्रा लंगडू लागतो आणि तो खडा दातांनी काढू पाहतो. येथे तेल कापसाच्या बोळ्याने लावावे, आणि कापायचे झाल्यास बोथट टोकाची छोटी कात्री घ्यावी. गादीच्या कातडीवरचा वाळलेला रंग खरवडू नये. तो चालण्याने झिजून जातो. कानाच्या पाळीची कडा अतिशय पातळ असते आणि कापली गेल्यास रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा तिथे कात्री नकोच. कानाच्या आत पाणी जाऊ नये म्हणून धुताना कापसाचा सैल बोळा ठेवावा आणि नंतर तो आठवणीने काढावा. तोंडाभोवती ओल्या मऊ फडक्यानेच पुसावे. मिशा कापू नयेत, कारण कुत्रा त्यांनी अंतर जाणतो. मिशीवरचा इमल्शनचा ठिपका दोन बोटांत भिजवून चुरला तर बहुधा निघतो.

घरात मांजरही असेल आणि तिलाही रंग लागला असेल, तर ही कृती जशीच्या तशी तिच्यावर करू नये. मांजर स्वतःला कुत्र्यापेक्षा कितीतरी अधिक चाटते आणि पुष्कळ द्रव्ये तिच्या शरीराला पचवता येत नाहीत. तिच्यासाठी पशुवैद्याला आधीच विचारावे.

नंतरचे दोन-तीन दिवस

अंग टॉवेलने टिपून कोरडे करावे. ऑइल पेंटचा अंश राहिला असण्याची शंका असेल, तर गरम हवेचा ड्रायर वापरू नये. वास कोंडतो आणि थिनरची वाफ पेट घेऊ शकते. केस वाळल्यावर उजेडात भांग पाडून त्वचा पाहावी. थोडीशी लाली काही तासांत जाते. ती वाढत असेल, ओलसर होत असेल किंवा कुत्रा तीच जागा सतत चाटत असेल, तर पशुवैद्याला दाखवावे. खाणे, पाणी पिणे, शी आणि श्वास यांवर दोन-तीन दिवस लक्ष ठेवावे.

इमल्शनचा एखादा कण केसांत उरला असेल आणि त्वचा स्वच्छ असेल, तर तो राहू द्यावा. रोज धुऊन धुऊन त्वचा कोरडी पाडण्यापेक्षा तो ठिपका केसांबरोबर वाढून गळून पडणे कुत्र्याच्या दृष्टीने बरे. भांड्यांच्या साबणाने त्वचेचे तेल जाते, तसे मानेवर घातलेले पिसवा-गोचिडांच्या औषधाचे थेंबही बरेचसे धुतले जातात. ते औषध नुकतेच घातले असेल, तर पुन्हा कधी घालायचे हे पशुवैद्याला विचारावे; आपल्या मनाने दुसरा डोस देऊ नये.

उरले ते बोळे आणि फडकी. तेल आणि ऑइल पेंट यांनी माखलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा पिशवीत कोंबून ठेवली, तर वाळताना त्यांत निर्माण होणारी उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती आपोआप पेटल्याची उदाहरणे आहेत. ती पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा घराबाहेर, कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी, एकेक पसरून पूर्ण वाळू द्यावीत आणि मगच टाकावीत. रंगाचा डबा झाकण ठोकून उंचावर ठेवावा, आणि रंगवलेले दार हाताला चिकट लागेनासे होईपर्यंत ती खोली बंद ठेवून कुत्र्याचे अंथरूण दुसरीकडे हलवावे.